क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कसे व्हायचे? ठाणे आणि नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर, पनवेल या पट्ट्यातील विद्यार्थी, त्यांचे पालक आणि एम.ए. पूर्ण करून पुढे काय करावे या विचारात अडकलेले तरुण यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असलेल्यांनी निदान प्रश्न ४ आणि ५ वाचल्याशिवाय कोणत्याही अभ्यासक्रमाचे शुल्क भरू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

१. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिअॅट्रिस्ट आणि कौन्सेलर यांच्यात नेमका फरक काय?

सायकिअॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हे एम.बी.बी.एस. झालेले डॉक्टर असतात आणि त्यानंतर त्यांनी मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका घेतलेली असते. औषधे लिहून देण्याचा आणि रुग्णाला दाखल करून घेण्याचा वैद्यकीय निर्णय त्यांचा असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे शिक्षण मानसशास्त्रातून होते. मानसिक आजारांचे मूल्यमापन करणे, बुद्धिमत्ता, स्मरणशक्ती आणि व्यक्तिमत्त्व यांच्या प्रमाणित चाचण्या घेणे, निदानाला आधार देणारा अहवाल लिहिणे आणि मानसोपचार, म्हणजे सायकोथेरपी, करणे ही त्यांची कामे आहेत. औषधे ते देत नाहीत. कौन्सेलर किंवा समुपदेशक मुख्यतः अभ्यास, नातेसंबंध, करिअर, शोक, ताण अशा अडचणींत मदत करतात. तीव्र आजाराची लक्षणे दिसली, तर त्यांनी रुग्णाला पुढे पाठवायचे असते.

प्रत्यक्षात ही तिन्ही माणसे एकाच रुग्णासाठी एकत्र काम करतात, आणि त्यांच्याबरोबर सायकिअॅट्रिक सोशल वर्कर आणि मानसोपचार परिचारिकाही असतात. यांपैकी कोण श्रेष्ठ, हा पालकांचा आवडता प्रश्न आहे. परंतु वॉर्डमध्ये एक दिवस काढणाऱ्याला तो पडत नाही.

२. मुलगी दहावीत आहे. सायन्स घ्यावेच लागेल का? नीट द्यावी लागते का?

बी.ए. मानसशास्त्राला आर्ट्स, कॉमर्स किंवा सायन्स अशा कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला जाता येते, आणि त्यासाठी नीट लागत नाही. नीट लागते ती एम.बी.बी.एस.साठी, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ व्हायचे असेल तर. अकरावी-बारावीत जीवशास्त्र असले तर मेंदू आणि मज्जासंस्थेचा पुढचा अभ्यास हलका जातो, आणि गणिताची भीती गेलेली असली तर संख्याशास्त्र हलके जाते. तरीही केवळ या कारणासाठी आर्ट्सकडे ओढा असलेल्या मुलीला सायन्समध्ये ढकलण्याची गरज नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या (प्रश्न ४) मान्यतेच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमाचा विचार असेल, तर त्याच्या प्रवेशाच्या अटी त्या संस्थेच्या माहितीपत्रकात वेगळ्या पाहाव्या (प्रश्न ५).

३. पदवी ठाण्यातून किंवा नवी मुंबईतून करावी की मुंबईतल्या नावाजलेल्या कॉलेजात जावे?

पदवीसाठी रोज चार तास लोकलमध्ये घालवण्याइतका फरक पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉलेज निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात. मानसशास्त्र तिसऱ्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून मिळते का? प्रयोगशाळेत चाचण्या प्रत्यक्ष हाताळायला मिळतात का? आणि ग्रंथालयात मानसशास्त्राची नवी पुस्तके येतात का? एफ.वाय.ला आवड म्हणून घेतलेला विषय टी.वाय.ला मुख्य म्हणून मिळत नाही, हे उशिरा कळून अनेकांचे वर्ष वाया गेले आहे.

एम.ए.साठी मात्र थोडे लांब जायला हरकत नाही. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कालिना संकुलात आहे, एस.एन.डी.टी. विद्यापीठ चर्चगेटला आहे, आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था देवनारला, म्हणजे ठाणे आणि वाशी दोन्हीकडून तुलनेने जवळ आहे.

४. एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी केले की पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिता येते ना?

केवळ विद्यापीठाच्या एम.ए.वर लिहिता येत नाही. या एका गैरसमजामुळे जितकी मुले अडचणीत येतात, तितकी दुसऱ्या कशानेही येत नाहीत. म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहे.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया (आर.सी.आय.), करते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद वैधानिक झाली. तिच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत, म्हणजे सी.आर.आर.मध्ये, नाव असल्याशिवाय पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करण्यास त्या कायद्याच्या कलम १३ ने मनाई आहे आणि उल्लंघनासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम आज लहान वाटेल. कैदेची तरतूद लहान नाही.

दुसरा आधार मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा आहे. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याच दिलेली आहे. आर.सी.आय.ने मान्य केलेल्या संस्थेतून क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्यताप्राप्त अर्हता मिळवलेली व्यक्ती, किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर क्लिनिकल सायकॉलॉजी अथवा मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजी यात पर्यवेक्षित प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त एम.फिल. केलेली व्यक्ती, असा तिचा आशय आहे. दोन्ही पर्यायांत आर.सी.आय.ची मान्यता आणि प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे प्रशिक्षण या दोन गोष्टी सुटत नाहीत. विद्यापीठाने पदवीच्या नावात 'क्लिनिकल' शब्द घातला, एवढ्याने त्या पूर्ण होत नाहीत.

म्हणून वाट नोंदणीपासून मागे मोजत आखावी. मला कोणत्या नोंदवहीत नाव हवे आहे, त्यासाठी कोणती अर्हता लागते, ती अर्हता कोणत्या संस्था देतात आणि त्या संस्था प्रवेशासाठी काय मागतात, या क्रमाने विचार केला तर बी.ए.च्या पहिल्या वर्षातच बहुतेक शंका मिटतात. आधी जो प्रवेश मिळेल तो घेऊ, पुढचे पुढे पाहू, असे म्हणणाऱ्यांना पुढे बहुधा तीच दोन वर्षे पुन्हा द्यावी लागतात.

५. एम.फिल. बंद झाले म्हणतात. मग आता रस्ता कोणता?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये एम.फिल. ही पदवी बंद करण्याचे ठरले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ती थांबवली. आपल्या क्षेत्रात यामुळे मोठी पोकळी निर्माण झाली असती, कारण इतर विषयांत एम.फिल. ही संशोधनाची पायरी होती, तर येथे ती थेट व्यवसायाची अर्हता होती. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल. अभ्यासक्रमांना २०२५-२६ या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशांपर्यंत मुदत दिली.

त्यापुढच्या काळासाठी आर.सी.आय.ने वेगळी रचना आखली आहे. पदवी पातळीवर क्लिनिकल सायकॉलॉजीतील बी.एस्सी. ऑनर्स, पदव्युत्तर पातळीवर एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि व्यावसायिक डॉक्टरेट म्हणून डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी, म्हणजे सायडी. येथे एक मोठा खड्डा आहे. परिषदेच्या मान्यतेने चालणारे एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि एखाद्या विद्यापीठाने स्वतःच्या अधिकारात सुरू केलेले त्याच नावाचे एम.ए. यांची नावे सारखी असली, तरी नोंदणीच्या दृष्टीने दोन्ही सारखी नाहीत. प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावरील त्या वर्षाच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव, मंजूर जागा आणि मान्यतेची मुदत या चारही गोष्टी जुळवून पाहाव्यात. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर नोंदणी कोणत्या श्रेणीत मिळेल, हेही संस्थेकडून लेखी घ्यावे. प्रवेश-कार्यालयातील तोंडी आश्वासन ग्राह्य धरू नये.

६. माझे एम.फिल. २०१९ मध्ये झाले आहे. ते आता बाद ठरेल का?

नाही. नियम बदलण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेतून मिळवलेली पदवी आणि तिच्यावर झालेली नोंदणी वैध राहते. नोंदणीचे नूतनीकरण मात्र वेळेवर करत राहावे (प्रश्न १९).

७. प्रवेश परीक्षा कशी असते? जागा किती असतात?

प्रत्येक संस्था आपली परीक्षा आणि मुलाखत घेते. एम.फिल.साठी मानसशास्त्रातील एम.ए. किंवा एम.एस्सी. किमान ५५ टक्क्यांनी उत्तीर्ण असण्याची अट होती आणि राखीव प्रवर्गांना सवलत होती. नव्या अभ्यासक्रमांच्या अटी त्या त्या माहितीपत्रकात पाहाव्या लागतात. जागा मंजूर होताना संस्थेत किती पर्यवेक्षक शिक्षक आणि किती रुग्ण आहेत हे पाहिले जाते. त्यामुळे एका तुकडीत मोजकेच विद्यार्थी असतात आणि स्पर्धा तीव्र होते. पहिल्या प्रयत्नात निवड न होणे अगदी सामान्य आहे.

तयारीत अपसामान्य मानसशास्त्र, मानसमापन, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती, मज्जासंस्थेचे जीवशास्त्र आणि मानसोपचाराच्या प्रमुख पद्धती यांवर भर द्यावा. मुलाखतीत पाठांतर लगेच उघडे पडते. "तुम्ही पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीबद्दल सांगा" असे विचारले तर काय सांगणार, याचा विचार करून जावे. त्यासाठी एम.ए.च्या काळात विशेष मुलांची शाळा, व्यसनमुक्ती केंद्र किंवा रुग्णालयातील मानसोपचार विभाग येथे काही महिने नियमित जाणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

८. प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत नेमके काय शिकवतात? पुस्तकातून शिकता येणार नाही असे त्यात काय आहे?

एम.फिल.च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी मनोसामाजिक पाया, मनोविकारशास्त्र, संख्याशास्त्र व संशोधनपद्धती आणि मानसशास्त्रीय मूल्यमापन हे विषय होते. दुसऱ्या वर्षी जैविक पाया, मानसोपचार व समुपदेशन, वर्तनवैद्यक हे विषय आणि प्रबंध होता. विषयांची यादी वाचून हा अभ्यास एम.ए.सारखाच वाटतो. फरक सकाळी नऊ वाजता ओ.पी.डी. सुरू झाली की कळतो.

समोर माणूस बसलेला असतो, शेजारी त्याची बायको किंवा आई असते, आणि दोघांची हकिगत जुळत नसते. केस हिस्ट्री घेणे म्हणजे प्रश्नावली भरणे नव्हे. आजार कधी सुरू झाला, झोप आणि भूक केव्हा बिघडली, काम कधीपासून सुटले, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, दारू किंवा तंबाखू किती, आत्महत्येचे विचार येतात का, हे सर्व त्या माणसाला उलटतपासणी वाटणार नाही अशा क्रमाने आणि अशा आवाजात विचारायचे असते. त्यानंतर मानसिक स्थितीची तपासणी येते. तीत पेहराव, बोलण्याचा वेग, भावस्थिती, विचारांची साखळी, भास, भ्रम, स्मरण आणि आजाराची जाणीव यांची नोंद करतात. मग कोणती शंका तपासायची आहे हे ठरवून चाचण्या निवडल्या जातात. समोर जी चाचणी आहे ती प्रत्येकाला द्यायची, ही पद्धत चुकीची आहे, आणि ती सवय मोडण्यासाठीच पर्यवेक्षक असतात.

मुलांसाठी बिने-कामत चाचणी, मॅलिन यांची बुद्धिमापन श्रेणी आणि व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी, प्रौढांसाठी व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या आणि रोर्शाक ही शाईच्या डागांची चाचणी, मेंदूला इजा झालेल्यांसाठी बंगळूरच्या निमहान्स संस्थेची मज्जामानसशास्त्रीय चाचणीमाला, अशी साधने विद्यार्थी हाताळतो. केवळ गुण मोजता आले म्हणजे चाचणी आली असे होत नाही. रात्रभर न झोपलेल्या, उपाशी आलेल्या किंवा औषधाने सुस्त झालेल्या मुलाचा बुद्ध्यंक आकड्यात कमी येतो, आणि तो आकडा अहवालात गेला की वर्षानुवर्षे त्या मुलाच्या मागे राहतो. चांगला पर्यवेक्षक अशा अहवालावर सही करत नाही. पुन्हा बोलवा, असे सांगतो.

मानसोपचाराच्या प्रशिक्षणात बोधनिक वर्तनोपचार, मंत्रचळेपणासाठी संपर्क आणि प्रतिसाद-प्रतिबंध, व्यसनाधीन व्यक्तींसाठी प्रेरणादायी मुलाखत, कुटुंबोपचार आणि पालकांचे प्रशिक्षण या पद्धती येतात. हात वारंवार धुणाऱ्या रुग्णाला घाणीच्या भीतीपाशी थोडे थोडे नेऊन धुण्यापासून थांबवायचे, ही कल्पना एका परिच्छेदात समजते. पण त्याची भीती वाढत असताना शांत बसून राहायला मात्र अनेक सत्रांचा अनुभव लागतो. अभ्यासक्रमात पहिल्या वर्षासाठी पाच सविस्तर मनोनिदान अहवाल आणि दुसऱ्या वर्षासाठी पाच मानसोपचारांच्या पूर्ण नोंदी सादर करण्याची अट होती. आकडा लहान दिसतो, परंतु त्यांतला प्रत्येक कागद पर्यवेक्षकाच्या हातून अनेकदा परत आलेला असतो.

९. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. मी मागे पडेन का?

अभ्यासक्रम, ग्रंथ आणि अहवाल इंग्रजीत असल्यामुळे सुरुवातीचे काही महिने जड जातात, हे खरे आहे. वाचनाचा वेग वाढवावा लागतो आणि नेमके, थोडक्यात इंग्रजी लिहिण्याचा सराव करावा लागतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि हे शिकता येते.

जे शिकवून येत नाही, ते मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याजवळ आधीच असते. ठाण्याच्या सरकारी ओ.पी.डी.त येणारा माणूस "मला चिंताविकृती आहे" असे म्हणत नाही. "जीव घाबरतो", "डोक्यात मुंग्या येतात", "कशात मन लागत नाही", "कुणीतरी काहीतरी केलंय" असे तो म्हणतो. दिवा, मुंब्रा, घणसोली, उरण येथून येणाऱ्या आगरी आणि कोळी कुटुंबांची बोली, पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या माथाडी कामगाराचे कमी बोलणे, बाहेरची बाधा झाली असे मानणाऱ्या सासूशी तिचा अपमान न करता बोलण्याची रीत, हे सर्व उपचाराचे साहित्य आहे. मराठी रुग्णाशी मराठीत मानसोपचार करू शकणाऱ्या प्रशिक्षित माणसांची येथे मोठी गरज आहे, म्हणून या विद्यार्थ्यांनी मागे हटू नये असे मला मनापासून वाटते.

आपल्या भाषेत या कामाची परंपराही आहे. बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठीचे रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात केले. मॅलिन यांनी मुलांसाठीच्या चाचण्या भारतीय परिस्थितीला जुळवून घेण्याचे काम नागपुरात केले.

१०. ठाणे-नवी मुंबईच्या जवळ प्रशिक्षण मिळते का, की बाहेर जावेच लागते?

बाहेर जाण्याची मानसिक तयारी ठेवावी. बंगळूरची निमहान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, दिल्लीची इहबास आणि तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बरदलै संस्था ही या प्रशिक्षणाची जुनी, मोठी केंद्रे आहेत. भारतातील या प्रशिक्षणाची सुरुवातच १९५५ मध्ये बंगळूरच्या तेव्हाच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत झाली. महाराष्ट्रात पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे, आणि काही खासगी अभिमत विद्यापीठांनीही वेळोवेळी हे अभ्यासक्रम चालवले आहेत. त्यांची त्या वर्षाची मान्यता प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे तपासावी.

अनुभव मात्र घराजवळ मिळू शकतो. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे आणि ते राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. बाकीची येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्थाही ठाण्यातलीच. खारघरला बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, आणि ट्रान्स-हार्बर मार्गामुळे ठाण्याहून तेथे जाणे अवघड नाही. अशा ठिकाणी स्वयंसेवक किंवा इंटर्न म्हणून जाण्यासाठी कॉलेजचे पत्र घेऊन रीतसर अर्ज करावा. या अनुभवाचे प्रमाणपत्र नोंदणीसाठी चालत नाही. ते निवडीसाठी आणि स्वतःची परीक्षा घेण्यासाठी असते.

११. रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजी आणि क्लिनिकल सायकॉलॉजी एकच आहे का?

नाही. परिषदेच्या नोंदवहीत या दोन स्वतंत्र श्रेणी आहेत. रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्टचे काम मुख्यतः दिव्यांग व्यक्तींच्या पुनर्वसनाभोवती असते. ते अतिशय मोलाचे काम आहे, पण त्या अर्हतेवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही.

१२. घरून, दूरस्थ पद्धतीने एम.ए. करून पुढे जाता येईल का?

अनेक नोकरदार आणि गृहिणी या वाटेने आजवर मानसशास्त्राकडे आल्या. परंतु मानसशास्त्राचा समावेश संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्यात होत असल्यामुळे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली आहे. यापुढे नवा प्रवेश नियमित वर्गातच घ्यावा. कोणी अजूनही ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजीची जाहिरात करत असेल, तर त्यापासून दूर राहावे.

१३. एम.ए. नंतर थेट पीएच.डी. केली तर नोंदणी मिळेल का? 'डॉक्टर' तर लावता येईल ना?

संशोधनाची पीएच.डी. केल्यावर नावापुढे 'डॉ.' लागते, विद्यापीठात शिकवता येते, पण तेवढ्याने नोंदणी मिळत नाही, कारण तीत रुग्णांबरोबरचे पर्यवेक्षित प्रशिक्षण असेलच असे नाही. सायडी ही वेगळी, व्यावसायिक डॉक्टरेट आहे (प्रश्न ५). रुग्णांशी बोलताना, आपण औषधे देणारे डॉक्टर नाही, हे आपण होऊन सांगावे.

१४. एकूण किती वर्षे आणि किती पैसे लागतात?

बारावीनंतर पदवीची तीन वर्षे, एम.ए.ची दोन आणि एम.फिल.ची दोन अशी किमान सात वर्षे आतापर्यंत लागत होती. प्रवेशासाठी थांबावे लागले तर अधिक. सरकारी संस्थांचे शुल्क तुलनेने कमी असते आणि काही केंद्रीय संस्था प्रशिक्षणार्थींना विद्यावेतनही देतात. खासगी विद्यापीठांत खर्च लाखांत जातो. प्रशिक्षण पूर्णवेळ असल्याने त्या काळात नोकरी करता येत नाही, हा खर्च पालक हिशेबात धरत नाहीत. कर्ज काढून खासगी प्रवेश घेण्यापेक्षा एक वर्ष थांबून, अनुभव घेऊन सरकारी संस्थांची परीक्षा पुन्हा देणे बऱ्याच कुटुंबांसाठी शहाणपणाचे ठरते.

१५. काम कोठे मिळते? सुरुवातीला पगार पुरतो का?

सरकारी आणि खासगी रुग्णालयांचे मानसोपचार आणि मेंदूविकार विभाग, वैद्यकीय महाविद्यालये, व्यसनमुक्ती केंद्रे, विशेष शाळा, बालविकास केंद्रे, स्वयंसेवी संस्था आणि अध्यापन ही मुख्य क्षेत्रे आहेत. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या पथकात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे पद असते. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलि-मानस या १४४१६ क्रमांकाच्या सेवेतही प्रशिक्षित माणसे लागतात. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर नेट किंवा सेटही द्यावी.

सरकारी कार्यक्रमांतील पदे बरीचशी कंत्राटी असतात आणि पहिल्या काही वर्षांचे उत्पन्न सात वर्षांच्या शिक्षणाच्या मानाने बेताचे असते, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगायला हवे. अनुभव आणि विश्वास वाढला की ते सुधारते. बरेच जण सकाळी रुग्णालयात आणि संध्याकाळी स्वतःच्या किंवा भागीदारीतल्या क्लिनिकमध्ये काम करतात.

१६. स्वतःचे क्लिनिक काढताना कोणती काळजी घ्यावी?

नोंदणी क्रमांक पाटीवर आणि प्रत्येक अहवालावर असावा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. त्यामुळे भिंतीपलीकडे बोलणे ऐकू जाणारी खोली चालत नाही, आणि रुग्णाचा तपशील व्हॉट्सअॅपच्या गटात विचारणेही चालत नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या लहान गाळ्यांत हा प्रश्न खरोखर येतो. जागा घेण्यापूर्वी दार लावून आत कोणाला तरी बोलायला लावावे आणि स्वतः बाहेर उभे राहून ऐकावे. नोंदी कुलूपबंद ठेवाव्यात. जवळच्या मनोविकारतज्ज्ञांशी आधीच संपर्क असावा, कारण आत्महत्येचा धोका, भास किंवा तीव्र उन्माद असलेला रुग्ण एकट्याने हाताळायचा नसतो. सुरुवातीची वर्षे एखाद्या ज्येष्ठाकडून सशुल्क पर्यवेक्षण घेत राहावे. नोंदणी मिळाल्यावर शिकणे संपले असे समजणारे लोक रुग्णांचे नुकसान करतात.

१७. खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने दिलेला बुद्ध्यंकाचा अहवाल दिव्यांग प्रमाणपत्र किंवा परीक्षेतील सवलतीसाठी चालतो का?

अहवाल आणि प्रमाणपत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्यात बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजारही येतात. प्रमाणपत्र शासनाने अधिसूचित केलेल्या वैद्यकीय प्राधिकरणाकडून मिळते. खासगी अहवाल पालकांना मुलाची अडचण समजण्यासाठी आणि उपचार आखण्यासाठी उपयोगी असतो, पण दहावीच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर त्यासाठी अधिकृत रुग्णालयातूनच तपासणी करून घ्यावी लागते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी अशा तपासण्या होतात. तेथे गर्दी असते, म्हणून दहावीचे वर्ष उजाडण्याची वाट न पाहता आठवीतच सुरुवात करावी.

१८. मी स्वतः काही वर्षे नैराश्याचे उपचार घेतले आहेत. मला या क्षेत्रात येता येईल का?

येता येईल. उपचार घेतले होते म्हणून प्रवेश नाकारावा, असा नियम नाही. हा प्रश्न बहुधा रात्री उशिरा, नाव न सांगता येतो, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. आपला आजार आटोक्यात आहे का, उपचार चालू असतील तर ते नियमित आहेत का, आणि दिवसभर दुसऱ्यांचे दुःख ऐकल्यावर स्वतःला सावरण्याची सोय आपल्यापाशी आहे का, याचा विचार आपल्या डॉक्टरांबरोबर बसून करावा. केवळ स्वतःला समजून घेण्यासाठी ही पदवी घेऊ नये. त्यासाठी स्वतःचा मानसोपचार हा जवळचा आणि कमी खर्चाचा मार्ग आहे. प्रशिक्षणाच्या काळात एखाद्या रुग्णाची कहाणी फार जवळची निघाली, तर पर्यवेक्षकाला सांगून तो रुग्ण दुसऱ्याकडे देता येतो. तसे करणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

१९. नोंदणीचे नूतनीकरण केव्हा करावे लागते? एखाद्याची नोंदणी खरी आहे का, हे कसे तपासावे?

परिषदेची नोंदणी ठरावीक मुदतीची, साधारणतः पाच वर्षांची असते. नूतनीकरणासाठी परिषदेने मान्य केलेल्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांना, म्हणजे सी.आर.ई.ला, उपस्थित राहून गुण मिळवावे लागतात. ते शेवटच्या वर्षासाठी साठवून ठेवू नयेत, कारण सोयीच्या ठिकाणचे कार्यक्रम लवकर भरतात. मुदत संपली असेल, तर नूतनीकरण होईपर्यंत अहवालांवर जुना क्रमांक टाकून सही करू नये.

रुग्णांना किंवा नातेवाइकांना परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून नोंदणी पाहता येते. तेथे श्रेणीसुद्धा पाहावी, कारण विशेष शिक्षक किंवा वाचाउपचारतज्ज्ञ यांनाही याच परिषदेचा क्रमांक मिळतो. क्रमांक विचारल्यावर प्रामाणिक व्यावसायिक रागावत नाही, तेव्हा पहिल्याच भेटीत संकोच न करता विचारावे.

२०. परदेशातून शिकून आले, किंवा येथे नोंदणी करून परदेशी गेले, तर चालते का?

दोन्ही बाजूंनी ते आपोआप होत नाही. परदेशी पदवीधराला भारतात नोंदणीसाठी परिषदेकडे अर्ज करून आपली अर्हता आणि पर्यवेक्षित प्रशिक्षणाचे तास तपासून घ्यावे लागतात. केवळ एका वर्षाचे परदेशी एम.एस्सी. यासाठी पुरेसे समजू नये. ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे कायद्याने संरक्षित पदनाम आहे. तेथे साधारण तीन वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट करावी लागते आणि आरोग्य व निगा व्यवसाय परिषदेकडे नोंदणी लागते. अमेरिकेत डॉक्टरेट, पर्यवेक्षित अनुभव, ई.ट्रिपल पी. ही परीक्षा आणि ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याचा परवाना असा क्रम आहे. ज्यांना निश्चितपणे परदेशातच स्थायिक व्हायचे आहे, त्यांनी एम.ए.च्या आधीच त्या देशाच्या अटी वाचून घ्याव्यात. ज्यांचे अजून ठरलेले नाही, त्यांनी येथले प्रशिक्षण पूर्ण करावे आणि केलेल्या कामाच्या नोंदी, पर्यवेक्षणाचे तास आणि अभ्यासक्रमाचा तपशील संस्थेच्या शिक्क्यासह पहिल्या महिन्यापासून जपून ठेवावा, कारण पुढे हेच कागद मागितले जातात आणि संस्था सोडल्यावर ते मिळवणे कठीण जाते.